लोगो कासव

लोगो कासव : मुलांच्या आज्ञेबरहुकूम जमिनीवर चालणारे, वळणारे आणि पेन टेकवलेले असल्यास गेल्या वाटेची रेघ ओढणारे शैक्षणिक यंत्र. अमेरिकेतील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फॉयर्झाइग, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आदींनी १९६७ मध्ये ‘लोगो’ ही संगणकभाषा मुलांसाठी तयार केली. पुढे एमआयटीत तिला कासवाची जोड मिळाली. ‘कासव’ हे नाव पडले ते ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी १९४०च्या दशकाअखेर बनवलेल्या यांत्रिक कासवांवरून. पॅपर्ट यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्याबरोबर काम केले होते. मूल ज्ञान स्वतःच रचते आणि हाताळता येणारी वस्तू समोर असली की ती रचना सुकर होते, ही पॅपर्ट यांची धारणा त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या पुस्तकात सविस्तर आली आहे. तथापि यंत्र दिले म्हणजे गणित आले, असे नाही. मुलाचा अंदाज आणि कासवाची चाल यांत फरक पडतो व मूल त्याचे कारण शोधू लागते, तेव्हा गणिताला सुरुवात होते.

‘पुढे ५०, उजवीकडे ९०’ ही जोडी चारदा दिली की चौरस होतो. समभुज त्रिकोणासाठी मुले हमखास ६० अंशांचे वळण देतात, कारण त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे त्यांना पाठ असते. पण तीनदा आज्ञा देऊनही आकृती मिटत नाही. कागदावर अर्धा षटकोन उमटतो. स्वतः त्या रेघेवरून चालून पाहिले, की कासव वळते ते बाह्यकोनातून, म्हणजे १२० अंशांतून, हे ध्यानात येते. मग पूर्ण फेरीचे ३६० अंश बाजूंच्या संख्येने भागायचे, हा नियम मुलांना स्वतःच गवसतो.

लोगोच्या उपयुक्ततेवर मुख्य आक्षेप १९८४ मध्ये आला. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांना लोगो शिकलेली मुले नियोजनकौशल्यात इतरांहून सरस आढळली नाहीत. आक्षेप रास्त आहे, पण त्यांनी तपासले ते नियोजन, भूमिती नव्हे. डग्लस क्लेमेंट्स आणि मायकेल बॅटिस्टा यांच्या संशोधनात, कृती नीट आखलेल्या असताना आकृती व कोन यांची समज वाढलेली दिसली. दुसरा आक्षेप खर्चाचा : पडद्यावरचे कासव स्वस्त आहे आणि मोठ्या मुलांना ते पुरतेही. लहानांसाठी मात्र जमिनीवरचे यंत्र उपयोगी, कारण ते समोरून येऊ लागले की त्याचे उजवे आपले डावे होते आणि मूल त्याच्या मागे उभे राहून ते पडताळू शकते. १५ सेंमीची पावले टाकणारे ‘बी-बॉट’ हे बटणांचे छोटे यंत्र अंतराचा अंदाज व मोजणी यांना चालते. ते ९० अंशांतच वळत असल्याने त्रिकोणाला निरुपयोगी. खडूने चौकटी आखून एखाद्या मुलालाच यंत्र बनवता येते, पण सवंगडी चुकीची आज्ञा समजून घेऊन सुधारतो. यंत्र ती जशीच्या तशी पाळते. त्यामुळे शाळेने खरेदीआधी वेळापत्रक पाहावे : बटण दाबण्यापूर्वी अंदाज सांगायला आणि चुकल्यावर कारण मांडायला तासात जागा नसेल, तर हे यंत्र खेळणेच ठरते.