दाखला आणि शिक्का

मराठीत ‘शिक्का’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उमटतो तोही शिक्का, आणि एखाद्या माणसाच्या नावामागे समाज जन्मभर लावून ठेवतो तोही शिक्काच. पहिला कागदावर उमटतो व कागद खरा असल्याची ग्वाही देतो. दुसरा माणसावर उमटतो. त्याला कसल्याच ग्वाहीची गरज भासत नाही. सोळाव्या शतकात जिनीव्हा या नगरराज्यातील एका शाळाप्रमुखाच्या वाट्याला हे दोन्ही शिक्के आले, आणि तेही एकाच हातून. त्याचे नाव सेबास्तियाँ कास्तेलिओ. हात होता जॉन कॅल्व्हिनचा. दोन शिक्क्यांमध्ये चौदा वर्षांचे अंतर होते. त्या चौदा वर्षांत शाळाप्रमुखाची मते पुष्कळ पुढे गेली हे खरे. परंतु त्यापेक्षा महत्त्वाची घटना अशी की, तो जिनीव्हा सोडून गेला होता.

कास्तेलिओवर जो शब्द चिकटवला गेला त्याला मराठीत आपण ‘पाखंडी’ म्हणतो. या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ, कोणताही पंथ. स्वतःच्या पंथाची स्तुती व दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना वाणीला आवर घालावा, असा उपदेश त्याच्या बाराव्या शिलालेखात आहे, आणि तेथे स्वतःच्या पंथालाही हाच शब्द लावलेला आहे. पुढे ज्याचा त्याचा पंथ ‘धर्म’ झाला आणि दुसऱ्याचा तेवढा ‘पाखंड’ उरला. युरोपातही असेच घडले. पाखंडमताला तिकडे जो शब्द आहे त्याचे मूळ ग्रीक भाषेत, आणि तेथे त्याचा अर्थ होता ‘निवड’. माणसाने निवड केली, एवढेच सांगणारा शब्द कालांतराने माणसाला चितेपर्यंत नेऊ लागला. दोन दूरच्या भाषांत दोन निरुपद्रवी शब्दांची एकच गती व्हावी, हा योगायोग नसावा. कास्तेलिओचे मोठेपण असे की, या शब्दाच्या आत काय आहे हे त्याने उघडून पाहिले. आणि पाहण्यापूर्वी तो शब्द सोसला.

कास्तेलिओचा जन्म 1515 साली सव्हॉयच्या डचीतील सँ-मार्तँ-द्यु-फ्रेन या खेड्यात झाला. ल्यों येथे त्याने लॅटिन, ग्रीक व पुढे हिब्रू आत्मसात केले. 1540 मध्ये तो स्ट्रासबर्गला गेला. जिनीव्हातून हद्दपार झालेला कॅल्व्हिन त्या वेळी तेथे राहत होता, आणि काही दिवस कास्तेलिओ त्याच्याच घरी उतरला होता. 1541 मध्ये जिनीव्हाने कॅल्व्हिनला परत बोलावले, तेव्हा तेथील शाळेची सूत्रे कास्तेलिओकडे आली. मुलांना लॅटिन आणि बायबल एकाच वेळी शिकता यावे म्हणून त्याने बायबलातील प्रसंगांचे संवादरूप पाठ्यपुस्तक रचले. ते पुढे दीर्घकाळ युरोपातील शाळांतून वापरात राहिले.

जिनीव्हाची मंडळी ही त्या काळातील अत्यंत शिस्तबद्ध अशी ख्रिस्ती संस्था होती. 1541 च्या नियमावलीनुसार पाळक आणि वडील यांचे एक धर्मन्यायमंडळ स्थापन झाले व ते दर गुरुवारी भरू लागले. प्रवचनाला न येणे, नाचगाणे, जुगार, घरातील भांडणे, जपमाळ ओढण्याची जुनी सवय, अशा कारणांसाठी नागरिकांना त्याच्यापुढे उभे केले जाई. येथे कॅल्व्हिनला न्याय देणे अगत्याचे आहे. फ्रान्समध्ये त्याचे अनुयायी जाळले जात होते, निर्वासितांचे लोंढे जिनीव्हात येत होते, आणि रोमच्या दृष्टीने तो स्वतःच पाखंडी होता. एक चर्च सोडून बाहेर पडलेल्या माणसाने नवे चर्च उभारले होते आणि ते आतून फुटू नये याची त्याला अहोरात्र चिंता होती. चिंतेतून आलेली कठोरता ही अहंकारातून आलेल्या कठोरतेहून वेगळी असते; मात्र जिच्यावर ती कोसळते त्या व्यक्तीला हा फरक क्वचितच जाणवतो.

1543 मध्ये शहरात प्लेग असताना रुग्णालयातील मरणोन्मुखांजवळ कोणी जावे, असा प्रश्न उभा राहिला. ब्लांशे नावाचा पाळक गेला व मरण पावला. शाळाप्रमुख कास्तेलिओने जाण्याची तयारी दर्शवली होती, हे नगरपरिषदेच्या दप्तरात नमूद आहे. कॅल्व्हिनला त्याच्या अन्य कार्यामुळे परिषदेनेच वगळले. उरलेल्या पाळकांनी, हे कर्तव्य आपलेच असले तरी त्यासाठी लागणारे धैर्य आपल्यात नाही, असे परिषदेपुढे येऊन कबूल केले. या कबुलीत एक प्रामाणिकपणा आहे हे नाकारता येत नाही. परंतु ज्याला पाळकपद मिळालेले नव्हते तो माणूस तयार होता, ही गोष्ट शहर विसरले नसणार, आणि पाळकही.

पुढच्याच वर्षी कास्तेलिओला पाळकपद देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कॅल्व्हिनने दोन आक्षेप घेतले. ‘गीतरत्न’ हे पुस्तक कास्तेलिओला शृंगारिक प्रेमकाव्य वाटत होते. ते पवित्र शास्त्रात असण्याविषयी त्याला शंका होती. दुसरा मुद्दा, मतांगीकारात ख्रिस्त अधोलोकात उतरला असे जे वचन आहे, त्याचा कॅल्व्हिनने लावलेला अर्थ त्याला पटत नव्हता. पद नाकारले गेले. कास्तेलिओने शाळाही सोडली. मात्र जाताना त्याने एक गोष्ट मागितली. आपण का जात आहोत हे लेखी मिळावे, म्हणजे पुढे कोणी भलताच संशय घेणार नाही. पाळकांनी तसा दाखला दिला आणि सर्वांच्या वतीने त्यावर कॅल्व्हिनची सही झाली. कास्तेलिओने शाळाप्रमुखाचे काम स्वेच्छेने सोडले आहे. त्याच्या आचरणावर डाग नाही. श्रद्धेच्या मुख्य तत्त्वांबाबत त्याचे मत दूषित नाही. अडचण केवळ या दोन मुद्द्यांची आहे, असा त्याचा आशय होता.

हा दाखला लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. मतभेद किती आणि कोठे आहे हे तो मोजून सांगतो, आणि जेथे मतभेद नाही ती जागा मोकळी ठेवतो. दोन माणसे एकमेकांपासून दूर होत असताना याहून सभ्य कागद लिहिता येईल असे वाटत नाही. दुर्दैवाने तो सभ्यपणा टिकला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, पाळकांच्या बायबल-अभ्यासाच्या जाहीर सभेत, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील वचनावर बोलताना कास्तेलिओने प्रेषित पौलाची सहनशीलता आणि समोर बसलेल्या पाळकांची वृत्ती यांची तुलना केली. ती तुलना बोचरी होती. सर्वांसमक्ष ती करणे कितपत उचित होते याविषयी मतभेद संभवतो. प्रकरण नगरपरिषदेपुढे गेले, दोष कास्तेलिओवर आला आणि जिनीव्हाशी त्याचा संबंध संपला.

पुढील आठ वर्षे बाझेलमध्ये हलाखीत गेली. ओपोरिनसच्या छापखान्यात मुद्रिते तपासावीत, घरी मोठ्या कुटुंबाची पोटे भरावीत, आणि उरलेल्या रात्री बायबलचे भाषांतर करावे. लॅटिन भाषांतर 1551 मध्ये प्रसिद्ध झाले, फ्रेंच 1555 मध्ये. फ्रेंच भाषांतर त्याने अशिक्षितांसाठी केले होते आणि त्यासाठी बोलीतले शब्द वापरले, काही नवे घडवले. विद्वानांनी त्या भाषेला भिकाऱ्यांची भाषा म्हणून हिणवले. 1553 मध्ये बाझेल विद्यापीठात ग्रीकचे अध्यापकपद मिळाले तेव्हा कोठे घराला स्थैर्य आले.

त्याच वर्षी 27 ऑक्टोबर रोजी जिनीव्हाबाहेर शाम्पेलच्या टेकडीवर मिगेल सर्व्हिटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळण्यात आले. त्याने त्रैक्याचा सिद्धांत आणि बालबाप्तिस्मा नाकारला होता. फ्रान्समधील कॅथलिक न्यायासनाच्या तावडीतून निसटून तो जिनीव्हात सापडला होता. कॅल्व्हिनने जाळण्याऐवजी शिरच्छेद व्हावा असे सुचवले. मृत्युदंडाला मात्र त्याची संमती होती, आणि 1554 च्या आरंभी त्याने या शिक्षेचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. काही आठवड्यांतच बाझेलहून एक ग्रंथ बाहेर पडला. पाखंड्यांचा छळ करावा काय, हा त्याचा विषय. लेखकाचे नाव मार्तिनस बेलिउस आणि प्रकाशनस्थळ माग्डेबुर्ग असे छापले होते. दोन्ही खोटी होती. प्रस्तावना कास्तेलिओची होती.

त्या प्रस्तावनेत त्याने ‘पाखंडी’ या शब्दाचा अर्थ शोधला आहे. पुष्कळ शोध घेऊनही त्याला एवढेच आढळले की, ज्याचे मत आपल्याशी जुळत नाही त्याला आपण पाखंडी म्हणतो. एका नगरात जो खरा श्रद्धावंत, तोच पुढच्या नगरात पाखंडी ठरतो. प्रवाशाला जसे प्रत्येक राज्यात नाणे बदलून घ्यावे लागते तशी श्रद्धाही बदलून घ्यावी लागेल, अशी उपमा तो देतो. ही उपमा पुस्तकी नाही. ल्यों, स्ट्रासबर्ग, जिनीव्हा, बाझेल अशी नगरे ओलांडलेल्या माणसाने ती लिहिली आहे. पाखंडी हा शब्द माणसाचे वर्णन करीत नाही; बोलणारा आणि तो माणूस यांच्यातील अंतर तेवढे सांगतो, हे त्याने अनुभवातून जाणले होते. सर्व्हिटसच्या बाबतीत त्याचा मुख्य युक्तिवादही असाच साधा आहे: माणूस मारल्याने सिद्धांताचे रक्षण होत नाही, माणूस तेवढा मरतो. हा युक्तिवाद असलेला त्याचा ग्रंथ 1612 पर्यंत छापला गेला नाही. त्याच्या उदारतेलाही सीमा होती. ईश्वरालाच नाकारणाऱ्यांना दंड करावा, फक्त मृत्युदंड नको, येथपर्यंतच तो येऊ शकला. तथापि त्याच्या काळात इतके अंतर चालून आलेले फारच थोडे होते.

टोपणनाव फार काळ टिकले नाही. कॅल्व्हिनचा सहकारी तेओदोर बेझा याने त्याच वर्षी खंडन प्रसिद्ध केले. नंतर 1558 मध्ये कॅल्व्हिनचे एक पुस्तक आले. ते ज्या निनावी लिखाणाला उत्तर होते ते आपले नव्हेच, असे कास्तेलिओ सांगत राहिला. या पुस्तकात ईश्वरी नियोजन आणि मानवी इच्छा यांविषयीच्या वादात मध्येच एक आरोप डोकावतो: घर उबदार ठेवण्यासाठी तू हातात आकडी घेऊन दुसऱ्याचे लाकूड चोरलेस. कधीकाळी आपण याला आपल्या घरी ठेवून घेतले होते, हेही ऐकवलेले आहे.

दाखल्यावर ‘आचरणावर डाग नाही’ असे लिहिणारा हात तोच होता. मतभेद दोन मुद्द्यांचा होता तोवर माणूस निष्कलंक होता. मतभेद वाढला तेव्हा सिद्धांत चुकीचा आहे एवढे म्हणणे अपुरे पडू लागले. माणूसच चोर असल्याचे सांगावे लागले. शिक्क्याचे कार्य असे चालते. तो मतभेद मोजत नाही, पुसून टाकतो, आणि त्या जागी चारित्र्याविषयीचा एक शब्द ठेवतो.

कास्तेलिओचे उत्तर त्या आकडीच्याच नावाने ओळखले जाते, आणि ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही. त्यात त्याने आपल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला आहे. भाषांतराचे काम हाती असताना कोणापुढे हात पसरण्यापेक्षा ऱ्हाईनच्या पुरात वाहून येणारी लाकडे आपण काढीत होतो. ती कोणाच्या मालकीची नसत. अनेक नगरवासी उघडपणे हेच करीत आणि नगराच्या अधिकाऱ्यांची त्याला ना नव्हती. स्ट्रासबर्गच्या घरी आपण जेमतेम आठवडाभर होतो आणि खर्च चुकता केला होता. भाषांतरकाराला नियतीविषयी लिहायचे सोडून सरपणाचा खुलासा द्यावा लागला, हीच त्या शिक्क्याची खरी किंमत म्हणावी लागेल.

आता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 1936 मध्ये श्टेफान झ्वाइगने कास्तेलिओवर जर्मन भाषेत जे पुस्तक लिहिले, त्याने विस्मृतीत गेलेला हा माणूस जगापुढे आणला. परंतु हिटलरच्या छायेत देश सोडलेल्या त्या लेखकाच्या हातून कॅल्व्हिन हा निव्वळ हुकूमशहा होऊन बसला. अन्यायाने शिक्का मारल्या गेलेल्याचा कैवार घेताना दुसऱ्यावर शिक्का मारण्याचा मोह झ्वाइगसारख्या लेखकालाही टाळता आला नाही. कास्तेलिओला मात्र तो पुढे टाळता आलेला दिसतो. 1562 मध्ये फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटले तेव्हा त्याने दोन्ही पक्षांना उद्देशून एक उपदेशपर पुस्तिका लिहिली. एका पक्षाला विरोधक ‘पोपवाले’ म्हणत, दुसऱ्याला ‘ह्यूगनॉट’. ही दोन्ही नावे बाजूला ठेवून त्याने ज्यांना त्यांना त्यांच्या स्वतःच्या पसंतीच्या नावांनी संबोधले: कॅथलिक आणि इव्हँजेलिकल. सल्ला कोणी मानला नाही. उलट 1563 मध्ये ल्यों येथील सुधारित चर्चच्या परिषदेने त्या पुस्तिकेचा निषेध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस बाझेलमध्ये त्याच्यावर पाखंडाची तक्रार दाखल झाली. चौकशी पुरी होण्यापूर्वीच, 29 डिसेंबर 1563 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याला मृत्यू आला. एवढा विद्वान पोटभर अन्नाला मोताद होऊन गेला याची खंत मॉन्तेन्यने आपल्या निबंधांत व्यक्त केली आहे. संशय घेण्याच्या कलेवरचा त्याचा अखेरचा ग्रंथ समग्र स्वरूपात छापला जायला 1981 साल उजाडावे लागले.

ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांनी नावे ठेवली, त्याने अखेरीस दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली. जिनीव्हा सोडताना त्याने जो दाखला मागून घेतला होता, त्याची नीती त्याने स्वतः पाळली: मतभेद असेल तेथे तो नेमका सांगावा, आणि उरलेला माणूस त्याच्या त्याच्याकडे राहू द्यावा.