हिमयुगाने घडविलेले उतार

हिमयुग म्हटले, की बर्फाखाली गाडला गेलेला प्रदेश डोळ्यांसमोर येतो. मात्र, हिमनद्या जेथे पोहोचल्याच नाहीत, अशा दऱ्याखोऱ्यांचे रूपही त्या थंडीने पालटले. दक्षिण इंग्लंड हे त्याचे ठळक उदाहरण होय.

शेवटच्या हिमयुगात, सुमारे २६ ते २० हजार वर्षांपूर्वी थंडीने कळस गाठला, तेव्हा येथील जमीन खोलवर कायमची गोठलेली होती. उन्हाळ्यात केवळ वरचा थर वितळे. खालच्या गोठलेल्या थरामुळे पाणी मुरत नसे. चिखल झालेली माती मग अगदी मंद उतारावरूनही हळूहळू खाली सरके. या क्रियेस 'सॉलिफ्लक्शन' म्हणतात. उतारावर व पायथ्याशी साचलेल्या दगडमातीच्या सरमिसळ गाळाला ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी 'हेड' असे नाव दिले आहे. खडूच्या टेकड्यांमधील कोरड्या दऱ्याही याच काळाची खूण आहेत. एरवी पाणी शोषून घेणारा खडू गोठल्याने बर्फाचे पाणी पृष्ठभागावरून वाहिले आणि त्याने दऱ्या कोरल्या. हवामान उबदार होताच पाणी पुन्हा खडकात मुरू लागले आणि प्रवाह आटले.

हा इतिहास केवळ अभ्यासकांपुरता नाही. सरकणाऱ्या चिकणमातीत गुळगुळीत घसरपृष्ठे तयार होतात. त्यांची पकड हजारो वर्षांनंतरही कमकुवतच राहते. केंट परगण्यात १९६० च्या दशकात सेव्हनोक्स वळणरस्त्याचे काम सुरू असताना, गवताखाली दडलेले असे जुने लोंढे खोदकामामुळे पुन्हा सरकू लागले. अखेर रस्त्याचा मार्ग बदलावा लागला. डर्बीशरमधील कार्सिंग्टन धरणाचा मातीचा भराव जून १९८४ मध्ये, काम पूर्णत्वास येत असतानाच घसरला. पायात राहू दिलेल्या पिवळ्या चिकणमातीच्या थरातील हिमयुगीन घसरपृष्ठे हे त्यामागील एक प्रमुख कारण ठरले. धरण नव्याने बांधण्यात आले व १९९२ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले.

वरकरणी स्थिर भासणाऱ्या उताराचा भूतकाळ चाचणी खड्डे खोदून आधी तपासावा, हा धडा स्थापत्य अभियंत्यांना या दोन घटनांनी दिला.