सरे टेकड्यांतील माउंटन बाइक वाटा

सरे टेकड्यांतील माउंटन बाइक वाटा : दक्षिण इंग्लंडच्या सरे परगण्यात लीथ हिल, होमबरी हिल आणि पिच हिल या शेजारशेजारच्या तीन टेकड्यांवर पसरलेले सायकलवाटांचे जाळे. लीथ हिलची उंची २९४ मी., होमबरीची २६१ मी. आणि पिचची २५७ मी. माथ्यावरून गावापर्यंत उतरताना सायकलस्वाराच्या वाट्याला जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरांचा उतार येतो. डोंगरी सायकलीच्या जगात ही उंची किरकोळ समजली जाते. तरीही ब्रिटनमधल्या सर्वांत लाडक्या वाटांत यांची गणना होते, आणि ती रास्त आहे. येथील माती आणि त्या मातीवरून जाण्याची वहिवाट या दोन गोष्टींनी हा मुलूख घडवला. उंचीचा विचार त्यानंतर.

हा प्रदेश सरे हिल्स या ४२२ चौ. किमी. संरक्षित क्षेत्रात मोडतो. त्याला १९५८ मध्ये विशेष निसर्गसौंदर्याचे क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला. २०२३ पासून अशा क्षेत्रांना ‘नॅशनल लँडस्केप’ म्हणतात. लंडनहून जवळच्या डॉर्किंग या गावी आगगाडीने तासाभरात पोहोचता येते. होमबरीसाठी गॉमशॉल हे छोटे स्थानक जवळ पडते. जाळ्याचे केंद्र म्हणजे पीसलेक हे खेडे. रविवारी सकाळी तेथल्या दुकानाबाहेर चिखलाने माखलेल्या सायकली एकमेकींना टेकून उभ्या असतात आणि स्वार चीज घातलेल्या खुसखुशीत कांड्या खात बसलेले असतात. या कांड्यांची ख्याती वाटांइतकीच दूरवर गेली आहे.

तिन्ही टेकड्या ‘ग्रीनसँड’ नावाच्या, क्रिटेशस काळातील वालुकाश्माच्या आहेत. ताज्या दगडात ग्लॉकोनाइट या खनिजाची हिरवट झाक असते, म्हणून हे नाव. हवा-पाणी लागले की त्यातले लोह गंजते आणि दगड तांबूस-पिवळा होतो. वाटा प्रत्यक्षात विटकरी दिसतात त्या यामुळे. वालुकाश्माचा भुगा पाणी धरून ठेवत नाही. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी चाकाखाली रेती करकरते आणि टायरला पकड मिळते. ओल्या हवेच्या देशात हे मोठेच भाग्य. उत्तरेला काही किलोमीटरांवर नॉर्थ डाउन्सची खडूची रांग लागते आणि सगळे पालटते. भिजलेला खडू साबणासारखा निसरडा होतो आणि त्यात दडलेल्या गारगोट्यांच्या धारा टायर चिरतात. दक्षिणेला उतरले की वील्ड या सखल प्रदेशाची चिकणमाती. हिवाळ्यात ती चाक आणि चौकट यांच्यामधल्या फटीत इतकी दाटून बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. या दोन अडचणींच्या मधोमध वालुकाश्माची चिंचोळी पट्टी आहे, आणि वर्षभर सायकल चालते ती तिच्यावरच.

या मातीकडे बारकाईने पाहणारा एक थोर माणूसही येथे येत असे. लीथ हिल प्लेस या घरात चार्ल्स डार्विनची बहीण कॅरोलाइन राहत होती. तेथल्या जमिनीवर पडलेले मोठे दगड गांडुळांच्या उलाढालीमुळे हळूहळू कसे खचत जातात याचे निरीक्षण डार्विनने केले आणि १८८१ च्या गांडुळांवरील पुस्तकात ते नोंदवले.

आता वहिवाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक वाट ही बहुधा कोणाच्या तरी मालकीच्या शेतातून किंवा रानातून जाते. जमीन मालकाची, जाण्याचा हक्क सर्वांचा. हा हक्क वाटेगणिक वेगळा असतो. पायवाटेवर फक्त चालायचे. घोडेवाटेवर पायी आणि घोड्यावरून जाता येते. १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने त्यात सायकलीची भर घातली, मात्र सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी अशी अट ठेवली. म्हणजे माउंटन बाइक इंग्लंडच्या दुकानांत येण्याच्या कितीतरी आधी तिच्यासाठी कायद्याचे फाटक उघडलेले होते. १९४९ च्या कायद्यानुसार या वाटांचे अधिकृत नकाशे तयार झाले. नकाशात वाटेची जी नोंद, तोच तिच्यावरचा हक्क. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायवाट, निळा असेल तर घोडेवाट. सायकलस्वाराची नजर निळा बाण शोधत असते. २००० च्या कायद्याने माळरानांवर आणि सामायिक जमिनींवर मोकळे भटकण्याचा हक्क दिला, पण तो पायी चालणाऱ्यांपुरता. स्कॉटलंडने २००३ मध्ये बहुतेक सर्व जमिनीवर जबाबदारीने सायकल नेण्याची मुभा दिली. इंग्लंडमध्ये मात्र दोन रुंद घोडेवाटांच्या मधली उत्तम अरुंद वाट आजही मालकाच्या संमतीवर अवलंबून असते. स्कॉटलंडची रीत अधिक न्याय्य आहे, पण दाट वस्तीच्या सरेत ती जशीच्या तशी निभेल असे मानणे घाईचे ठरेल.

सरेतल्या वाटांना अशी संमती लाभली ती मुख्यतः हर्टवुडमुळे. होमबरी आणि पिच या टेकड्यांवरचे हे विस्तीर्ण खासगी रान. बिल्बेरीच्या निळ्या-काळ्या फळांना सरेत ‘हर्ट’ म्हणत आणि त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. १९२६ मध्ये शियर इस्टेटचे मालक रेजिनल्ड ब्रे यांनी एका दस्ताने या रानात लोकांना ‘हवा आणि व्यायाम’ यासाठी फिरण्याचा हक्क दिला. नुकत्याच झालेल्या १९२५ च्या मालमत्ता कायद्यात तशी तरतूद होती. देखरेखीसाठी एक समिती नेमली गेली. तिची परंपरा आजही चालू आहे आणि काम मुख्यतः देणग्यांवर चालते. सायकलीच्या वाटा या जुन्या औदार्याच्या पोटी आल्या. मुलांनी आणि स्वारांनी हौसेने काढलेल्या आडवाटा मोडून टाकण्याऐवजी त्यांतल्या टिकाऊ वाटा राखायच्या असे धोरण पडत गेले.

वाटांची नावे स्वारांच्या बोलण्यातून आलेली आहेत. होमबरीवरची योगर्ट पॉट्स, म्हणजे दह्याची भांडी, ही एकामागोमाग एक खळगे आणि उंचवटे असलेली वाट. तिच्यावर पॅडल फारसे मारावे लागत नाही. उंचवट्यावर येताना अंग हलके करायचे, खळग्यात शिरताना हातापायांनी सायकल खाली रेटायची, आणि ही लय जमली की वेग आपोआप येतो. तिला जोडून येणारी बॅरी नोज बेस्ट ही साऱ्या जाळ्यात सर्वांत प्रसिद्ध. पाइनच्या खोडांमधून ती पीसलेकच्या दिशेने वळत उतरते. वळणांच्या बाहेरच्या अंगाला मातीचे कठडे उचललेले आहेत. वेगाने आलेल्या सायकलीचे चाक त्यांच्यावर चढते, सायकल आडवी कलते आणि ब्रेक न लावता वळण पार होते. चाक शेकडो वेळा एकाच जागेवरून गेल्याने कठड्याचा मधला पट्टा गुळगुळीत होऊन तकाकतो. कडेला पाइनच्या सुयांचा थर साचतो. आणि जेथे घाबरलेल्या स्वारांनी उशिरा ब्रेक दाबलेला असतो तेथे उतारावर आडव्या वळ्या पडतात. कोणती वाट किती चालते आणि कोठे चुकली आहे हे या खुणांवरून कळते. लीथ हिलवरची समर लाइटनिंग ही लांब, सौम्य आणि नवशिक्याला मानवणारी आहे. या टेकडीच्या माथ्यावर रिचर्ड हल यांनी १७६५ च्या सुमारास उभारलेला मनोरा आहे. हल यांचे दफनही त्याच्याच तळाशी झाले. आज मनोरा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

शंभर मीटरांची उंची पाच मिनिटांत उधळायची की पंधरा मिनिटे पुरवायची, हे वाट आखणाऱ्याच्या हातात असते. सरळ उतरणारी वाट पहिल्याच पावसाळी हंगामात ओघळ बनते, कारण पाणीही त्याच रेषेने धावते. म्हणून वाट टेकडीच्या अंगाने आडवी नेतात. तिचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राखायचा, असा वाट बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला किंचित कललेला असतो, म्हणजे पाणी वाटेवर न वाहता आडवे ओलांडून जाते. ठरावीक अंतरावर वाट थोडी चढवून पुन्हा उतरवतात. स्वाराला तेथे उडीची गंमत मिळते, आणि पाणी तेथेच वाटेबाहेर पडते. गंमत आणि निचरा एकाच उंचवट्यात साधलेला दिसला की वाट बांधणाऱ्याचे कसब ध्यानात येते.

वालुकाश्मात जुन्या गाडीवाटा शतकानुशतकांच्या चाकांनी, खुरांनी आणि पाण्याने खोल झिजल्या आहेत. त्यांना आपल्या भाषेत पांदण हाच शब्द शोभतो. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, त्यांतून लोंबणारी बीचची मुळे, तळाशी कायमचा ओलावा. सायकलीचा चढ बहुधा अशाच पांदणीतून होतो.

या वाटांवर धावणाऱ्या माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात झाला असे सर्वत्र लिहितात. त्याच सुमारास लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांच्या चिखलात जेफ अ‍ॅप्स हे वेगळ्याच वाटेने तशाच सायकलीकडे येत होते. १९७९ मध्ये त्यांनी रेंज रायडर ही सायकल बनवली आणि पुढे क्लेलँड या नावाने सायकली विकल्या. ताठ बसण्याची ठेवण, जमिनीपासून उंच पॅडल, चिखलातही धरणारे ड्रम ब्रेक आणि फिनलंडहून आणलेले बर्फाचे जाड टायर ही त्यांची वैशिष्ट्ये. ते टायर त्यांनी मरिनमधल्या गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनाही पाठवले होते. कॅलिफोर्नियाची सायकल कोरड्या उतारावर वेगासाठी घडली, अ‍ॅप्स यांची ओल्या टेकाडांवर संथपणे कोठेही जाण्यासाठी. बाजार पहिलीने जिंकला. इंग्लंडच्या मातीचे खरे उत्तर मात्र दुसरीत होते, आणि तिची आठवण कोशात असायलाच हवी.

सरेतल्या वाटांवर ताणही आहे. हीदरच्या झुडपांच्या माळावर नाइटजार हा आफ्रिकेहून मे महिन्यात येणारा पक्षी घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. त्याचा रंग वाळक्या पानांसारखा असल्याने हातभर अंतरावरूनही तो दिसत नाही. वाटेबाहेर गेलेले एक चाक ती अंडी संपवू शकते. होमबरीच्या माथ्यावर लोहयुगीन किल्ल्याचे मातीचे तट आहेत. कायद्याने संरक्षित असलेल्या त्या तटांवरून उड्या मारून त्यांचे नुकसान करणे हा गुन्हा ठरतो. बाकी रोजचे नुकसान साधेच असते. डबके साचले की स्वार त्याला वळसा घालतात, वळशावर नवा चिखल होतो, आणि हातभर रुंदीची वाट दोन हंगामांत बैलगाडी जाईल एवढी फाकते. हिवाळ्यात स्वयंसेवक फावडी घेऊन येतात, डबक्याचे पाणी चर काढून बाहेर सोडतात आणि वळशाच्या वाटेवर पाइनच्या तुटक्या फांद्या आडव्या टाकतात. उन्हाळ्यापर्यंत त्या फांद्यांमधून नेचे वर येतात.