लांब हौद्याची जुनी पिकअप : पाटा वाढवण्याआधी

लांब हौद्याची पिकअप नवी असताना सरळ रस्त्यावर स्थिर धावते. पुढील व मागील चाकांमधील जास्त अंतराचा हा फायदा असतो. मात्र दहा-बारा वर्षे वापर झाल्यावर तीच गाडी महामार्गावर ‘तरंगू’ लागते, वळणावर तिची मागील बाजू बाहेर जाते आणि पावसात रिकामी असताना जोरात ब्रेक लावला की ती आडवी होऊ पाहते. मंडपवाले, केटरर, फर्निचर व्यावसायिक अशा अनेकांचा रोजगार या गाडीवर चालतो. तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेल्यास पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : मागे एक पाटा वाढवा. जास्त माल वाहण्यासाठी तो सोयीचा वाटतो. गाडी ताब्यात ठेवण्यासाठी मात्र तो बहुतेक वेळा उलटा पडतो.

पिकअपचा मागील ॲक्सल पाट्यांच्या कमानींवर बसवलेला असतो. कमान मुळातच पूर्ण भार गृहीत धरून बनवलेली असल्याने रिकाम्या गाडीला ती ताठ पडते. त्यात आणखी पाटा घातला की खड्ड्यावरून मागील चाक उडते, आणि उडालेल्या चाकाला रस्त्यावर पकड नसते. वळणावरही पुढच्यापेक्षा मागची बाजू अधिक ताठ झाल्याने मागील टायरची पकड आधी सुटते. खंबाटकी किंवा बोरघाटाच्या ओल्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे चालकांना सांगावे लागत नाही.

दुसरा धोका सहसा लक्षात येत नाही. अनेक पिकअपमध्ये भारानुसार मागील ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चॅसी ॲक्सलच्या किती जवळ आली आहे, यावरून तो भार ओळखतो. पाटा वाढवल्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते. मग भरलेली गाडीही या व्हॉल्व्हला हलकी ‘वाटते’ आणि मागील ब्रेकला पुरेसा दाब मिळत नाही. कमानीचे काम केल्यावर या व्हॉल्व्हची जुळणी तपासून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सुधारणा करायची तर सुरुवात झिजलेल्या भागांपासून करावी. टायरॉडचे एंड, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, पुढील चाकांचे बेअरिंग यांतील ढिलाई आधी काढावी. स्टिअरिंगचा ‘प्ले’ घालवण्यासाठी केवळ स्टिअरिंग बॉक्स आवळण्याची पद्धत वाईट आहे. प्रमाणाबाहेर आवळलेले स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त भरकटते. मागे कमानींचे बुश, शॅकल व पिना पाहाव्यात. सेंटर बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना कमानीच्या पुढील खुंटीपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर टेपने मोजले तरी हा दोष कळतो. बसलेली कमान मूळ मापाची, तितक्याच पाट्यांची बदलावी.

त्यानंतर शॉकॲब्सॉर्बर. जुन्या पिकअपमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच असावा, कारण तो निकामी झाला तरी गाडी चालत राहते. तेल गळत असल्यास ते जोडीने बदलावेत. एवढ्यानेच ‘तरंगणे’ बरेचसे थांबते. व्हील अलाइनमेंट मात्र ही सर्व कामे झाल्यावरच करावे. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही.

टायरच्या बाबतीत एकाच ॲक्सलवर रेडियल व नायलॉन अशी सरमिसळ करू नये. दोनच रेडियल असतील तर ते मागे बसवावेत. हवा भारानुसार ठेवावी लागते. कायम भरलेल्या गाडीचा दाब ठेवून रिकामी गाडी पळवल्यास मागील टायर उड्या मारतात.

लांब हौद्याचा खरा दोष मात्र माल ठेवण्याच्या पद्धतीत उघड होतो. समजा, चाकांमधील अंतर ३ मीटर आहे आणि ३०० किलोचे यंत्र मागील ॲक्सलच्या १ मीटर मागे ठेवले. अशा वेळी मागील ॲक्सलवर ३०० नव्हे, ४०० किलो भार वाढतो आणि पुढील चाकांवरून १०० किलो उचलला जातो. स्टिअरिंग हलके लागू लागते ते यामुळे. जड वस्तू केबिनला लागून, तळाशी व घट्ट बांधलेली असावी.

अमेरिकेत हौशी मंडळी १९६७ ते १९७२ च्या शेव्हरोले सी-१० सारख्या गाड्यांची चॅसी कापून लांब हौद्याची गाडी आखूड करतात. १२७ इंचांचे चाकांमधील अंतर त्यामुळे ११५ इंचांवर येते. भारतात हा मार्ग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. पाटे वाढवून जादा माल भरणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे.

कमान बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. गॅरेजवाला त्यासाठी क्वचितच बोलावतो. मालकानेच तारीख लिहून ठेवून गाडी न्यावी.