पिवळ्या स्कूटरवरची कॅसेट आणि आपल्या पोरांची सही

मंडळी, आज राजकारण बाजूला ठेवू. ना पीकविमा, ना रस्ता, ना टँकर. आज गाण्यावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्या दिंद्रुड-माजलगाव पट्ट्यात जी पोरं मोबाईलवर गाणी करून टाकतात, त्यांच्या पोटापाण्याशी याचा संबंध आहे.

रेमो फर्नांडिस हे नाव चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना माहीत असेल. नाव नसेल आठवत तर आवाज आठवेल. १९८७ च्या 'जलवा' सिनेमाचं गाणं, १९९५ च्या हिंदी 'बॉम्बे'तलं 'हम्मा हम्मा', १९९८ च्या 'प्यार तो होना ही था'चं शीर्षकगीत. लग्नाच्या वरातीत, ट्रॅक्टरच्या टेपवर, एसटी स्टँडच्या हॉटेलात या गाण्यांनी आपले कान भरले होते. हा माणूस इथपर्यंत कसा पोचला, ही गोष्ट मात्र आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही.

रेमोचा जन्म १९५३ सालचा, गोव्यातला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा पोरगं आठ वर्षांचं. घरात पोर्तुगीज गाणी, गावात कोकणी मांडो आणि दुलपद, रेडिओवर इंग्रजी रॉक. हे सगळं एकाच डोक्यात शिरलं. पुढं मुंबईच्या जे. जे. मध्ये आर्किटेक्टचं शिक्षण घेतलं, त्याच काळात 'द सॅव्हेजेस' नावाच्या बॅण्डमध्ये वाजवलं. पदवी हातात होती. घरांचे नकाशे काढत बसला असता तर पैशाला कमी पडलं नसतं. पण गडी गिटार घेऊन निघाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला दोन-तीन वर्षं युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या गाडीला हात करत फिरला.

१९८० च्या सुमारास तो गोव्यात परत आला. वय सत्तावीस. गोव्यातले लोक ओळखत होते, स्टेजवर टाळ्या मिळत होत्या. पण गोव्याबाहेर विचारणारं कुणी नव्हतं. मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांकडं गाणी पाठवली, पण त्यांनी दाद दिली नाही. त्यांचं गणित सरळ होतं. भारतात खपतं सिनेमाचं गाणं, नाहीतर भजन, गझल. स्वतः लिहिलेलं इंग्रजी गाणं, तेही गोव्यातल्या गावगाड्यावर, कोण घेणार? तसं बघितलं तर १९८१ सालीच नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने'नं सिनेमाबाहेरची गाणीही तुफान खपतात हे दाखवून दिलं होतं. पण ती गाणी हिंदी-उर्दूत होती आणि मागं मोठी कंपनी उभी होती. रेमोच्या मागं कोण होतं? कुणीच नाही.

इथं त्या काळचा बाजार समजून घ्यायला पाहिजे. गाणं विकायचं म्हणजे तबकडी काढायची. तबकडीला कारखाना लागतो. देशात वर्षानुवर्षं ग्रामोफोन कंपनीचं, म्हणजे आपल्या एचएमव्हीचं राज्य, आणि कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला. कुणाचं गाणं लोकांपर्यंत जाणार आणि कुणाचं नाही हे मूठभर साहेब ठरवायचे. गावातला कितीही गोड गळ्याचा माणूस असो, त्या दारातून आत जाता आलं नाही तर त्याचं गाणं त्याच्याबरोबरच संपायचं.

मग कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ मध्येच काढली होती, पण आपल्याकडं ती खरी पसरली ती ऐंशीच्या आसपास. आखातात कामाला गेलेल्या लोकांनी टू-इन-वन आणले, पाठोपाठ कॅसेटच्या नवनव्या कंपन्या निघाल्या. पानटपरीशेजारी 'कॅसेट भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या. आपल्या मराठवाड्यात प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं घराघरात गेली त्यात या कॅसेटचा मोठा हात आहे. वस्तीवर तबकडीचा फोनो कुणाकडं होता? टेप मात्र एकाकडं असला तरी अख्खी गल्ली ऐकायची.

रेमोनं हीच संधी हेरली. १९८४ साली त्यानं बार्देशातल्या शिवोली गावी, स्वतःच्या घरात, चार ट्रॅकच्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर एक अख्खा अल्बम केला. नाव 'गोअन क्रेझी'. गाणी त्यानंच लिहिली, चाली त्यानंच लावल्या, सगळी वाद्यं एकट्यानं वाजवली आणि मागचे कोरसचे आवाजसुद्धा एकट्यानंच दिले. मिक्सिंग त्याचं, कव्हरचं चित्र त्याचं. आणि माल तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घालून गोव्यातल्या दुकानादुकानात जाऊन ठेवल्या. आपल्याकडं दूधवाला रतीब घालतो तसं.

आणि गाणी कशावर? त्या काळातल्या त्याच्या गाण्यांत एक गाणं गोव्याच्या सतत बंद पडणाऱ्या टेलिफोनवर आहे. विचार करा. जगभरचे रॉकवाले प्रेम आणि बंड गात होते, आणि हा माणूस टेलिफोन खात्यावर गात होता. गोव्याचा माणूस ऐकून हसला, कारण त्याच्या घरातला फोनही तसाच मुका पडलेला होता. कंपन्यांना जे 'फार स्थानिक' वाटत होतं, तेच लोकांना आपलं वाटलं.

'गोअन क्रेझी'नं गाडी रुळावर आणली. १९८५ मध्ये श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' आला, गोव्यातल्याच एका घराण्यावरचा, त्यात रेमो दिसला आणि गायलाही. १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक' हा अल्बम आला, ज्याचं मुख्य गाणं गर्दच्या नशेविरुद्ध होतं. ८७ ला 'बॉम्बे सिटी' आला. त्याच वर्षी पंकज पराशरच्या 'जलवा'नं त्याचा आवाज देशभर नेला. पुढं सीबीएससारख्या बड्या कंपनीनं त्याचे अल्बम देशभर विकायला घेतले. पंतप्रधान राजीव गांधींवर त्यानं गाणं केलं, त्यांच्यासमोर गायलं, त्यावरून पेपरात गदारोळ झाला, आणि शेवटी राजीव गांधींनी स्वतः पत्र लिहून गाणं आवडल्याचं कळवलं. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांनी दार लावलं होतं त्यांनाच पुढं त्याच्या दाराशी यावं लागलं.

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. अशीच एक गोष्ट १९७२ ची. न्यूयॉर्कचा लू रीड नावाचा गायक. त्याचा बॅण्ड सुटला, आणि हा गडी वडिलांच्या कचेरीत आठवड्याला ४० डॉलरवर टायपिंग करायला लागला. पहिला एकट्याचा अल्बम पडला. मग लंडनमध्ये डेव्हिड बोवी आणि मिक रॉन्सन या दोघांनी त्याला हात दिला आणि अल्बम निघाला 'ट्रान्सफॉर्मर'. आपल्याकडं ट्रान्सफॉर्मर म्हटलं की जळालेली डीपी आठवते, पण या ट्रान्सफॉर्मरनं माणसाच्या आयुष्यात लाईट आणली. तो जमाना ग्लॅम रॉकचा. पुरुष गायक तोंडाला रंग लावायचे, चमचमते कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून स्टेजवर यायचे. इंग्रजांना त्याचं भारी नवल. ज्यांनी तमाशात नाच्या बघितलाय त्यांना काय नवल वाटणार!

पण माझ्यासारख्या बातमीदाराची नजर या गोष्टीतल्या दुसऱ्याच माणसावर जाते. 'ट्रान्सफॉर्मर'मधलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'. त्याची ओळख म्हणजे सुरुवातीची घसरत जाणारी बासची धून. ती वाजवली हर्बी फ्लॉवर्स नावाच्या वादकानं. एका गाण्यात दोन वाद्यं वाजवली तर मजुरी दुप्पट, असा तेव्हाचा नियम, म्हणून त्यानं त्यात उभा बास आणि इलेक्ट्रिक बास असे दोन्ही वाजवले. हातात पडले मोजके पौंड. गाणं जगभर वाजलं. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या रॅपवाल्या पोरांनी तीच धून उचलून नवं गाणं केलं, त्याचे पैसे लू रीडकडं गेले. धून वाजवणाऱ्याकडं नाही. त्याच्या कागदावर 'मजुरी' लिहिलं होतं, 'वाटा' नाही.

इथं येऊन आपल्या गावात उतरू.

रेमोला १९८४ मध्ये जे करायला चार ट्रॅकचं मशीन आणि स्कूटर लागली, ते आज आपली पोरं एका मोबाईलवर करतात. ऊसतोडीवरची गाणी, बंजारा गाणी, भीमगीतं, हळदीची गाणी, हलगीवरचा ठेका. फडावर कोपीत बसून केलेलं गाणं दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईत वाजतं. दमदमच्या साहेबाला विचारायची गरज उरली नाही. ही छोटी गोष्ट नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या जात्यावरच्या ओव्या कुणी नोंदवल्या नसत्या तर हवेत विरल्या असत्या. आज विरत नाहीत.

पण दार उघडं झालं म्हणून घर आपलं झालं असं होत नाही. गाणं चालायला लागलं की कुणीतरी येतो. 'तुझं गाणं आमच्या चॅनेलला दे, एवढे रोख घे, इथं सही कर.' पोरगं उचलीवर वाढलेलं. मुकादमाच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या बापाचं पोरगं ते. त्याला एकरकमी पैसा म्हणजे देव वाटतो. सही होते. गाणं पुढं वर्षानुवर्षं वाजतं आणि पोरगं पुन्हा कोयता उचलतं. कारखान्याची उचल आपल्याला कळते, गाण्याची उचल कळत नाही, एवढाच फरक.

म्हणून कायद्यातल्या चार गोष्टी सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि २०१२ मध्ये त्यात कलाकाराच्या बाजूनं मोठे बदल झालेत.

१) गाणं लिहिणारा आणि चाल लावणारा यांनी हक्क विकले तरी पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा त्यांना सोडून देता येत नाही. कंपनीनं कागदावर 'रॉयल्टी मागणार नाही' असं लिहून घेतलं तरी तेवढं कलम कायद्यापुढं टिकत नाही.

२) गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्यालाही धंद्यासाठी झालेल्या वापरातून रॉयल्टीचा हक्क आहे. म्हणजे ढोलकीवाला, हलगीवाला, कीबोर्डवाला, सगळे आले.

३) हक्क तोंडी दिले तर ते दिल्यात जमा नाहीत. लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो. कुठल्या भागासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि जाणत्याला विचारा.

४) गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आयपीआरएस, १९६९ पासून आहे. सभासद होता येतं. गायकांसाठीही वेगळी संस्था आहे.

कायदा असला म्हणून पैसा आपोआप खात्यात येतो असं मी म्हणणार नाही. माजलगावच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. पण कागदाची एक प्रत आपल्याकडं ठेवणं, मूळ रेकॉर्डिंग आपल्या पेनड्राईव्हवर ठेवणं, आणि गाण्याखाली वादकांसकट सगळ्यांची नावं टाकणं, याला वकील लागत नाही.

रेमोच्या गोष्टीतून मी घेतो ते एवढंच. तो मुंबईला शरण गेला नाही म्हणून मोठा झाला असं नाही, पुढं मुंबईच्या सिनेमातही तो गायलाच. पण मुंबईला गेला तेव्हा त्याच्या हातात स्वतःचं, स्वतःच्या मालकीचं काम होतं. रिकाम्या हातानं दारात उभा राहिलेला माणूस आणि आपला माल घेऊन बाजारात बसलेला माणूस, दोघांशी व्यापारी सारखा बोलत नाही. हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

आणि एक मागणं. ऐंशी-नव्वदच्या काळात आपल्या भागातल्या कितीतरी शाहिरांनी, भजनी मंडळांनी, कलापथकांनी कॅसेटी काढल्या. त्यातले काही आज वृद्ध कलावंत मानधनाच्या यादीत नाव लागावं म्हणून पंचायत समितीत चकरा मारतात, आणि तिथं विचारतात, पुरावा काय? अहो, पुरावा तुमच्या घरातल्या माळवदावर धूळ खात पडलाय. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या कॅसेटी भंगारात देऊ नका. कव्हरचा फोटो काढा, त्यावरची गाणाऱ्याची आणि वाजवणाऱ्यांची नावं नीट वाचून लिहून घ्या आणि मला पाठवा. मी यादी करतोय. ज्यांचं नाव कव्हरवर छापलंय त्यांना तो फोटो अर्जाला जोडता येईल.

पटलं तर गावातल्या गाणाऱ्या पोरांपर्यंत ही पोस्ट पोचवा. सही करायच्या आधी पोचली तर बरं.