आम्लपित्ताचे औषध : वमनापासून गोळीपर्यंत

छातीतील जळजळ, करपट ढेकर आणि घशाशी येणारे आंबट पाणी यांची चर्चा व्याख्यानमालेत करावी, हे कित्येकांना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या दुखण्याची गोळी आज यवतमाळात चहाइतक्या सहजतेने मागितली जाते, त्याच्या औषधाला मोठा इतिहास आहे; आणि तो केवळ वैद्यांच्या कामाचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

चरक व सुश्रुत यांनी आम्लपित्त हा स्वतंत्र रोग म्हणून वर्णिलेला नाही. ते स्वतंत्र प्रकरण आपल्याला मिळते काश्यपसंहितेत. या ग्रंथाची खंडित पोथी नेपाळात सापडली आणि 1938 साली ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. काश्यपांनी दिलेली कारणे वाचताना आपल्याच घरात डोकावल्यासारखे वाटते : आधीचे पचले नसता पुन्हा जेवणे, कुळीथ, पोहे व भाजलेले धान्य यांचा अतिरेक, जेवून दिवसा झोपणे. उपचार म्हणून आधी वमन. आणि एवढ्याने भागले नाही तर रोग्याने देशांतर करावे, असे ते सांगतात. हा रोग बहुधा आनूप, म्हणजे पाणथळ प्रदेशात होतो, असे त्यांचे मत. या हिशेबाने वर्धा आणि पैनगंगा यांच्यामधला आमचा कोरडवाहू जिल्हा बराचसा सुटायला हवा होता. तो सुटलेला नाही, हे श्रोत्यांना सांगणे नलगे.

पुढे माधवनिदानाने ऊर्ध्वग आणि अधोग असे या रोगाचे दोन भेद केले. योगरत्नाकरातला सूतशेखर, तसेच अविपत्तिकर चूर्ण, ही नावे मराठी घरांत रुळली. 1872 साली पनवेलला धूतपापेश्वर कारखाना निघाला. अशा कारखान्यांमुळे वैद्याच्या बटव्यातले औषध बाटलीत बसून घरच्या फडताळात आले. सूतशेखरात पारा आणि बचनाग असतात. तो वैद्याच्या नजरेखालीच घ्यायचा. पण बाटलीबरोबर वैद्याची नजर घरात येत नाही!

पश्चिमेकडे विल्यम प्राउट यांनी 1824 साली जठरातले आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे प्रसिद्ध केले. तरीही सोडा, खडू, मॅग्नेशिया यांनी ते आम्ल तेवढ्यापुरते मारावे, एवढाच उपाय दीर्घकाळ हाती होता. जठरातला रस वर चढून अन्ननलिकेला पोळतो, हे 1935 साली विंकेलस्टाइन यांनी मांडले. खरी क्रांती जेम्स ब्लॅक यांनी केली. हिस्टामिन हे द्रव्य पेशींना आम्ल स्रवण्याचा इशारा देते. तो इशाराच अडवावा, ही त्यांची कल्पना. त्यातून निघालेले सिमेटिडीन 1976 साली इंग्लंडात विक्रीस आले आणि ब्लॅक यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच 1988 साली ओमेप्राझोल आले. ते आम्ल बाहेर टाकणारा पेशीतला पंपच बंद करते. ज्या जठरव्रणासाठी पूर्वी पोट फाडावे लागे, तो बहुधा गोळ्यांनी भरून येऊ लागला. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवरचे पेटंट काढून फक्त कृतीवरचे ठेवले, म्हणून ही औषधे येथे लवकर आणि स्वस्त बनू लागली. हा लाभ लहान नव्हे.

मग तक्रार कसली? तक्रार ही, की स्वस्त गोळी सवय झाली. पहाटे कोरा चहा घेऊन कापूस वेचायला जाणारी बाई दुपारी कंबरदुखीची गोळी उपाशीपोटी घेते. तिने पोट जळते, म्हणून संध्याकाळी दुसरी गोळी. पहिली गोळी कुणी विचारीत नाही, दुसरी वाढत जाते. पंप बंद करणारी गोळी महिनोन् महिने घेऊन एकदम सोडली, तर दबलेले आम्ल काही काळ दुप्पट जोराने उसळते; रोग्याला वाटते, रोग उलटला, आणि तो पुन्हा दुकानाकडे वळतो. निर्धोक म्हणून घरोघर गेलेल्या रॅनिटिडीनमध्ये 2019 साली कर्करोगकारक मानलेल्या द्रव्याचा अंश सापडला. 2020 साली अमेरिकेत ते बाजारातून काढले गेले आणि 2022 साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले. शिवाय गिळताना अन्न अडकणे, काळी शौच होणे, वजन उतरणे, किंवा छातीची कळ हाताकडे जाणे, ही लक्षणे पित्ताच्या नावाखाली दडपली तर प्राणाशी गाठ पडते. तेथे दुकान नव्हे, डॉक्टरच गाठला पाहिजे.

काश्यपांचा पाणथळ देशाचा सिद्धांत आज कुणी मानणार नाही. पण रोग्याला आपली जागा बदलावी लागेल, हे त्यांनी ओळखले होते. गोळीने ती गरज उरली नाही असे आपल्याला वाटू लागले : तेच जेवण, तीच वेळ, तेच उपाशीपोटी राबणे, आणि वर एक गोळी. ज्याला शक्य आहे त्याने रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकावे. आणि जिला ते शक्य नाही, त्या मजूर बाईला कामावर जाण्यापूर्वी भाकरीचा तुकडा मिळावा, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे. तेवढे देशांतर गावातच राहून करता येते.