गारगोटीचा आठ

आमच्या काटेवाडीच्या शिवारात ढेकळांच्या जोडीने गारगोट्याही निघतात. लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या घासल्या की फिकट उजेड पडायचा अन् जळकट वास यायचा. आजी म्हणायची, "दगडातसुद्धा जीव असतो रे!" फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी १८८० साली साधारण हेच सांगितले, जरा शास्त्रोक्त भाषेत. गारगोटीचा सख्खा भाऊ जो स्फटिक, तो दाबला की वीज निर्माण होते. उलट वीज दिली की तो थरथरतो, आणि ठरलेल्या गतीनेच. जितका पातळ तितका चपळ. (लग्नानंतर माणसांचेही असेच होते, पण तो विषय वेगळा.)

घरच्या घरी ट्रान्समीटर जुळवणाऱ्यांना हा दगड म्हणजे देवच. तो नसेल तर लहरी खरोखरच लहरी होतात. सकाळी लागलेले केंद्र संध्याकाळी भलतीकडेच. मात्र स्फटिक नितळ हवा. दुसऱ्या महायुद्धात जगभरच्या रेडिओंना तो ब्राझीलने पुरवला. आमच्या गारगोट्या बांधावरच राहिल्या.

मग तो घासायचा. सपाट काच, त्यावर कार्बोरंडमची पूड, चार थेंब पाणी आणि एका बोटाचा हलका दाब. आमच्या गावी पालखीपुढे मेंढ्यांचे रिंगण होते तसे नुसते गोल फिरवून भागत नाही; इंग्रजी आठाचा आकडा गिरवावा लागतो, नाहीतर एक कड झिजते. दोन-चार आठ झाले की धुवायचा, पुसायचा, लावून बघायचा. जास्त घासला गेला तर शिसपेन्सिलीने थोडे वजन चढवता येते, पण किंचितच. बाकी गेले ते गेले.

१९३९ साली युद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशी लोकांचे परवाने थांबवले. तरी १९४२ च्या चळवळीत मुंबईत काँग्रेस रेडिओ बोलू लागला, ४२.३४ मीटरवर. यंत्र जुळवले नरिमन प्रिंटर यांनी. आवाज होता बावीस वर्षांच्या उषा मेहतांचा. या आकड्याचा स्फटिक आजही घासायला बसलो, तर नेहमीच्या 'एटी' कापाची चकती पाव मिलिमीटरहूनही पातळ लागेल. तिथे मिलिमीटरचा हजारावा भाग जादा गेला, की केंद्र तीस किलोहर्ट्झ सरकले!

पण पंचाईत अशी, की ऐकणाऱ्याला सापडावे म्हणून आकडा पक्का हवा, आणि पोलीसही ऐकणारेच की! म्हणून केंद्राची बिऱ्हाडे बदलत राहिली. शेवटी ज्याच्या हाताने यंत्र जुळले होते त्याच्याच तोंडून पत्ता फुटला. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात पोलीस शिरले, तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. त्यांनी ती थांबवायला सांगितली. उषाबेन नाही म्हणाल्या.